वेडा राघू वेडा का? पक्ष्यांच्या मराठी नावांविषयी

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलीला पक्षी दाखवताना तिनं विचारलं, वेडा राघू वेडा का, आणि बहिरी ससाण्याला ऐकू येत नाही का? त्यांना उत्तर देता आलं नाही. म्हणून ते विचारतात की पक्ष्यांची मराठी नावं कुठून आली, त्यांचे अर्थ काय, आणि पुस्तकातलं नाव एक व गावातलं दुसरं असेल तर मुलांना कोणतं शिकवायचं.

बहिरी ससाण्याचे कान शाबूत आहेत, त्याच्याकडे पुढे येतो. आधी वेडा राघू.

राघू म्हणजे पोपट. वेडा राघू हा पोपटांच्या कुळातला नाही. माश्या, गांधीलमाश्या, मधमाश्या हवेत पकडून खाणारा हा सडपातळ पक्षी अंगानं चिमणीएवढा, वर शेपटीतून निघालेल्या दोन लांब काड्या. रंग मात्र पोपटी, म्हणून राघू. वेडेपण समजून घ्यायचं तर शेताच्या कडेला विजेच्या तारेखाली थोडा वेळ उभं राहायचं. तारेवरून सूर मारतो, हवेत गिरकी घेतो, माशी टिपतो आणि परत त्याच तारेवर, बहुतेक वेळा त्याच जागी येऊन बसतो. पुन्हा उडतो, पुन्हा तिथंच. औत हाकताना दिवसभर हे बघणाऱ्या माणसानं त्याला वेडा ठरवलं तर त्याची काय चूक? तोच वेडा मधमाशी सापडली की ती लगेच गिळत नाही. तारेवर आपटतो, घासतो, डंख आणि विष निघाल्याशिवाय पोटात घालत नाही. एवढी काळजी शहाणी माणसंही घेत नाहीत.

आपली जुनी नावं बहुतेक अशीच, काम करता करता पक्षी पाहणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. दुर्बीण घेऊन मुद्दाम पक्षी बघायला जाणं ही अलीकडची गोष्ट. त्याआधी पक्षी दिसायचा तो नांगरामागून, धुण्याच्या घाटावरून, ज्वारीतल्या माळ्यावरून. त्यामुळे पक्षी काय करतो, कसा ओरडतो, कधी येतो हे नावात आधी आलं आणि तो नेमका कोणत्या कुळाचा हे कुणी विचारलंच नाही. हे ध्यानात ठेवलं की निम्मी नावं आपोआप उलगडतात, आणि उरलेल्या निम्म्यांत घोळ का आहे तेही कळतं.

सगळ्यात समृद्ध भाग कामधंद्यांच्या नावांचा. सुतार, तांबट, शिंपी, परीट, खाटीक, विणकर, डोंबारी, कोतवाल: अख्खं गाव झाडावर जाऊन बसलंय. यातला माझा लाडका तांबट. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांना ठोके देताना ज्यांनी ऐकलं आहे त्यांना या पक्ष्याची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी वडावर किंवा पिंपळावर टुक्, टुक्, टुक् सुरू होतं, एका लयीत, मिनिटाला साधारण १०० ते १२० ठोके, आणि थांबायचं नाव नाही. आवाज कुठून येतो हे मात्र चटकन सापडत नाही, कारण ओरडताना तो मान इकडून तिकडे फिरवतो आणि ठोका एकदा डावीकडून तर एकदा उजवीकडून आल्यासारखा वाटतो. सापडलाच तर चोचीकडे बघा. प्रत्येक ठोक्याला चोच बंदच असते, फक्त गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुगते आणि बसते. हिरवं अंग, कपाळावर आणि छातीवर लाल ठसा. इंग्रजांनीही त्याला तांबे ठोकणाऱ्याचंच नाव दिलं. आवाजच असा आहे की दुसरं सुचणं कठीण.

खाटकाचंही तसंच. हा पक्षी टोळ, सरडा, कधी उंदराचं पिल्लूसुद्धा बाभळीच्या काट्याला अडकवून ठेवतो आणि सवडीनं खातो. दुकानात आकड्याला टांगलेलं मांस पाहिलेल्याला नाव शोधत बसावं लागलं नसेल. युरोपात लॅटिन नाव देणाऱ्यांनी या प्रजातीला ‘लॅनियस’ म्हटलं, त्याचाही अर्थ खाटीक. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच शब्दावर येऊन थांबतात तेव्हा पक्ष्याची सवय डोळ्यांत भरणारी आहे असं खुशाल समजावं.

शिंप्याच्या बाबतीत मराठी नाव शास्त्रीय नावापेक्षा सरस ठरतं. त्याचं लॅटिन नाव ‘सुटोरियस’, १७६९ साली पेनंट या ब्रिटिश निसर्गअभ्यासकानं दिलेलं, ‘सुटोर’ या शब्दावरून. सुटोर म्हणजे जोडे शिवणारा. आपण शिंपी म्हटलं आणि बरोबर म्हटलं, कारण हे काम चामड्यावरच्या टाच्याचं नव्हे, कापडाचं आहे. मादी एखादं रुंद पान वळवते, कडेला चोचीनं बारीक भोकं पाडते आणि त्यातून कापसाचे नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ओवते. गाठ मारत नाही. तंतूचं टोक भोकाबाहेर फुलतं आणि तेच अडकून पान धरून ठेवतं. कुंडीतल्या झाडावर असं घरटं सापडलं तर हात न लावता फक्त टाक्यांकडे बघा.

परीट म्हणजे धोबी. नदीकाठच्या दगडांवर फिरतो आणि शेपूट सतत वरखाली आपटतो, जणू पिळा दगडावर धोपटतोय. शिवाय तो भेटतोही घाटावरच. सुतार सगळ्यांना माहीत आहे, सोडून देतो. डोंबारी मात्र फार थोड्यांना माहीत असतो, कारण तो माळावरचा, मातीच्या रंगाचा, चिमणीपेक्षाही लहान चंडोल. विणीच्या दिवसांत नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असं वाटतं तेवढ्यात सावरून पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि शेवटी एखाद्या ढेकळावर उतरतो. कोलांट्या मारून दाखवणाऱ्या डोंबाऱ्याचं नाव त्याला कुणी दिलं ते कळायला मार्ग नाही, पण देणारा माळावर गुरं घेऊन बसलेला असणार.

कोतवालाकडे गावाचा बंदोबस्त. काळाकुळकुळीत, शेपटीला दुभंग, अंगानं बुलबुलापेक्षा थोडाच मोठा, पण घरट्याजवळ कावळा किंवा घार फिरकली तर पाठीवर बसून टोचत हाकलून देतो. त्याच झाडावर हळद्या आणि होल्यासारखे गरीब पक्षी बिनघोर घरटी करतात. कोतवालाच्या जिवावर राहणं म्हणतात ते हे.

सुगरणीबद्दल एक खुलासा करावा लागतो. सुगरण हा शब्द सुगृहिणीवरून आला, म्हणजे घर नीट सांभाळणारी. शाळेतल्या कवितेमुळे सुगरण आणि खोपा ही जोडी प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यात पक्की बसली आहे. पण खोपा विणतो तो नर. गवताची लांब पाती चिरून आणतो, फांदीला गाठी मारतो, घर अर्धवट झालं की पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत-बाहेर करून पाहतात. पसंत पडलं तर पुढचं काम आणि संसार, नाही तर तो खोपा तसाच लोंबकळत राहतो. जुन्या विहिरीवरच्या बाभळीला जे अर्धे, शिरस्त्राणासारखे खोपे दिसतात ते या नापसंतीचे. कोकिळेचंही असंच, कुहू करतो तो काळा नर, आणि कवितेत गाते ती कोकिळा. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसतं किक्-किक् करते. व्याकरणानं आपल्या पक्ष्यांवर बराच अन्याय केला आहे.

आवाजावरची नावं मोजायला गेलं तर संपणार नाहीत. कावळा संस्कृतातल्या ‘काक’वरून, आणि काक म्हणजे त्याचं ओरडणंच. टिटवी म्हणजे जुना टिट्टिभ, पंचतंत्रात समुद्राशी वैर घेणारा. आभाळ पडलं तर तोलून धरायला टिटवी पाय वर करून झोपते असं गावाकडे अजून सांगतात. तित्तिर आपलं नाव स्वतःच ओरडतो, आणि तैत्तिरीय संहितेच्या नावातही तोच आहे: याज्ञवल्क्यानं ओकून टाकलेली विद्या बाकीच्या शिष्यांनी तित्तिर होऊन टिपली, अशी कथा. हुदहुद हे नाव अरबी-फारसीतून आलं. लॅटिनमध्ये तो ‘उपुपा’, इंग्रजीत ‘हूपू’, सगळीकडे तोच घुमा आवाज. २०१४ साली विशाखापट्टणमला धडकलेल्या चक्रीवादळाला हेच नाव होतं, ओमाननं सुचवलेलं. अंगणात लांब चोचीनं माती उकरणाऱ्या या शेंडीवाल्या पक्ष्याला पुष्कळ गावांत ‘सुतार’ म्हणतात ते वेगळंच.

आवाजाच्या नावांत पावशाला तोड नाही. मार्च-एप्रिलपासून तो ओरडायला लागतो, तीन सुरांचा आवाज एकेक पायरी चढत जातो आणि टोकाला जाऊन तुटतो, रात्री चांदणं असेल तर रात्रीसुद्धा. मराठी शेतकऱ्याला त्यात ऐकू येतं ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. हिंदीत तोच पपीहा होतो आणि ‘पी कहाँ’ विचारतो, प्रियकर कुठे आहे म्हणून. उकाड्यानं जेरीला आलेल्या इंग्रज साहेबाला त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं, म्हणजे मेंदूचा ताप. एकच पक्षी, आणि ज्याची जी विवंचना ती त्याच्या तोंडी. आपल्याकडे ती पेरणीची होती, म्हणून नावही पावसावरून पावशा. हा पावशा स्वतः घरटं बांधत नाही. अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात आणि पोरं वाढवायचं काम त्यांच्यावर सोडतो. सातभाईंना इंग्रजीत सात बहिणी म्हणतात. भाऊ असोत की बहिणी, सहा-सात जणांचा कलकलाट करणारा तो थवा एका कुटुंबासारखा राहतो आणि पोरांना सगळे मिळून भरवतात एवढं दोन्ही नावांना मान्य आहे.

आता जी नावं शब्द झिजत झिजत आली त्यांच्याकडे वळू. मयूराचा मोर झाला हे कुणालाही दिसतं. लांडोर या शब्दात ‘लांडा’ ऐका, शेपूट नसलेला. पारावताचा पारवा झाला आणि त्या पक्ष्याच्या रंगालाही आपण पारवा म्हणू लागलो. साडीच्या दुकानात ‘पारवा रंग दाखवा’ म्हणणारी बाई कबुतराचंच नाव घेत असते. कबूतर हा शब्द फारसी, आणि त्याच्या मुळाशीही फारसीतला निळ्या-राखाडीसाठीचा शब्द, ‘कबूद’. ससाणा हा ‘शशादन’ या शब्दाचा झिजलेला अवतार, शश म्हणजे ससा, अदन म्हणजे खाणं. ससा खाणारा तो ससाणा. नीलपंखाला आपल्याकडे चास आणि तास अशीही नावं आहेत, ती संस्कृत ‘चाष’पासून. त्याला नीलकंठही म्हणतात. पण कंठ बघाल तर तो तांबूस-जांभळट आहे. निळाई उडताना पंखांत उघडते, तेव्हा मी तरी नीलपंखच म्हणतो.

शब्द टिकतो आणि पक्षी बदलतो असंही होतं. भारद्वाज म्हटलं की आपल्यासमोर येतो तो तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, झुडपांतून दबकत चालणारा मोठा पक्षी. त्याचं दर्शन शुभ मानतात, घराबाहेर पडताना दिसला तर माणसं थांबून नमस्कार करतात. संस्कृत कोशांत मात्र भरद्वाज आणि भारद्वाज या शब्दांचा अर्थ चंडोल असाही दिला आहे, आकाशात गात चढणारा लहानसा पक्षी. ऋषींचं नाव मधल्या काळात एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर गेलं. या भारद्वाजाला कोकणात आणि इतरत्र कुंभारकुकडा म्हणतात, कुठे सोनकावळा. त्याचा घुमणारा ‘कूप् कूप् कूप्’ ऐकला की कुंभारकुकड्यातला कुकडा पटतो.

आता बहिरी ससाणा. शिकारी पक्षी पाळण्याचा शौक दरबारी होता आणि त्या दरबारांची भाषा फारसी. त्यामुळे आपल्या शिकारी पक्ष्यांची बरीच नावं तिकडून आली. शिक्रा शिकारीवरून, शाहीन शाहावरून, बाज तर जसाच्या तसा. ‘बहिरी’ हे मूळ ‘बहरी’, अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र, त्यावरून. समुद्राकडून येणारा तो बहरी. हा ससाणा हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि किनाऱ्यावर, खाड्यांवर हमखास दिसतो. मराठीत तो शब्द आला आणि आधीच असलेल्या ‘बहिरा’ या शब्दाच्या मांडीवर जाऊन बसला. तुमच्या मुलीला एवढंच सांगा: तो समुद्रवाला ससाणा आहे.

बुलबुलही फारसीतून आलेला, पण येताना पक्षी बदलून. फारसी काव्यात गुलाबावर जीव टाकणारा बुलबुल हा वेगळा पक्षी, तो आपल्याकडे राहत नाही. आपल्याला आवाजानं गोड, माणसाळलेला एक शेंडीवाला मिळाला, त्याला ते नाव दिलं, आणि मग मराठीनं आपल्या पद्धतीनं फोड केली. बुडाशी लाल तो लालबुड्या बुलबुल. डोक्यावर उंच टोकदार तुरा तो शिपाई बुलबुल, काही ठिकाणी नारद बुलबुल, नारदाच्या उभ्या शेंडीवरून. लालबुड्याचं शास्त्रीय नाव ‘केफर’, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडचा. शास्त्रीय नावांची आजची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७६६ साली तसं लिहिलं. त्या टोकाला हा पक्षी मुळात राहतच नाही. तरी नियमानं नाव तेच चालू आहे. शास्त्रीय नाव आलं की ते बिनचूक असं समजून गप्प बसणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

दयाळाची कथा याहून मजेशीर. काळा-पांढरा, शेपूट उभी धरणारा, पहाटे घराच्या टोकावर बसून गाणारा दयाळ दयाळू वगैरे नाही. विणीच्या दिवसांत तर दुसऱ्या नराला हद्दीत पाय ठेवू देत नाही. हिंदीत तो दहियर किंवा दहियल, बंगालीत दोयेल (बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी), आणि आपला दयाळ त्याच घराण्यातला. एलिझर अल्बिन या इंग्रज चित्रकारानं १७३७ साली हे नाव ‘डायल बर्ड’ असं लिहिलं. डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. फ्रेंच पक्षितज्ज्ञ लव्हायांनं ते सूर्यघड्याळ समजून फ्रेंचमध्ये तसंच भाषांतर केलं. लिनियसनं १७५८ मध्ये या पक्ष्याला ‘सौलारिस’ म्हटलं. त्यावर भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यासक जर्डननं लिहिलं की लिनियसला ‘सोलारिस’, म्हणजे सूर्याचा, असं म्हणायचं होतं, लेखणी घसरली. ब्लाइथ या दुसऱ्या अभ्यासकानं ते खोडून काढलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मद्रासहून हा पक्षी पाठवला गेला तेव्हा सोबत ‘सौलारी’ हे देशी नाव होतं, शंभर गाणी गाणारा अशा अर्थाचं, त्याचंच ते लॅटिन रूप. मला ब्लाइथचं पटतं. कारण साधं आहे: हा पक्षी खरंच एका बैठकीत सूर बदलत राहतो, आणि सूर्यघड्याळाशी त्याचा काही संबंध नाही. असाच लाल मुनियाच्या शास्त्रीय नावात ‘अमंदावा’ हा शब्द आहे, तो म्हणजे अहमदाबाद. पिंजऱ्यातले हे पक्षी तिथून परदेशी जात, तर शहराचंच नाव त्यांना चिकटलं.

रूपावरून दिलेल्या नावांत मराठी बायकांची नजर दिसते असं माझं मत आहे, आणि पुरावा म्हणून मी एकच नाव पुढे करतो: हळदी-कुंकू बदक. तळ्यावर दुर्बीण लावा. अंग साधं, तपकिरी खवल्यांचं. चोच काळी, तिच्या टोकाला पिवळाधमक ठसा, आणि जिथे चोच कपाळाला भिडते तिथे दोन बाजूंना दोन लाल ठिपके. इंग्रजीत त्याला नुसतं ठिपक्याच्या चोचीचं बदक म्हणून मोकळे झाले. चांदवा पाहा: काळ्या अंगावर कपाळाची पांढरी ढाल. त्यालाच वारकरीही म्हणतात. कुणी कपाळावरच्या गंधाकडे बोट दाखवतं, कुणी म्हणतं ते दरवर्षी थव्यानं येतात, ती त्यांची वारी. दोन्ही मला चालतात. कापशी घार कापसासारखी पांढुरकी. कवड्या खंड्या काळा-पांढरा, कवडीसारखा चट्टेरी. कवड्या सापाच्या नावातही हाच शब्द आहे. कुदळ्याची चोच कुदळीसारखी वाकडी. पाणकावळा पाण्यातला कावळा, आणि इंग्रजी ‘कॉर्मोरंट’ची फोड केली तर लॅटिनमध्ये तोही समुद्रकावळाच निघतो.

माळढोक नावाचा अर्थ पुष्कळजण विचारतात. माळ सरळ आहे. ढोक म्हणजे उंच पायांचा, लांब मानेचा मोठा पक्षी. रातढोकरी, चामढोक या नावांतला ढोक तोच, पण ते सगळे पाण्याकाठचे. पाण्याशी संबंध नसलेला, कोरड्या माळावर चालणारा ढोक दिसला, त्याला लोकांनी माळढोक म्हटलं. नराच्या घुमण्यावरून त्याला हूमही म्हणतात. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आता तिथे माळ आहे आणि नाव आहे, ढोक दिसणं जवळपास संपलं. तणमोर त्याचाच धाकटा भाऊ, तणात लपणारा मोर. विणीच्या दिवसांत गवताच्या वर उड्या मारतो तेव्हाच काय तो दिसतो.

पिंगळ्याचं नाव तर माणसांकडे गेलं. पहाटे कुडमुडं वाजवत दारात येऊन भविष्य सांगणारे पिंगळे जुन्या माणसांनी पाहिले असतील. पिंगळा पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं ते सांगत. ठिपक्यांचं हे छोटं घुबड गावातल्या चिंचेच्या ढोलीत राहतं आणि तिन्हीसांजेला किचकिचाट करतं. त्याचा एक दुर्मीळ चुलत भाऊ वन पिंगळा. ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञानं १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर तो कुणाला सापडला नाही, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, आता नंदुरबार. गावातल्या घुबडांपैकी गव्हाणी घुबडाचं नावही ऐकून ठेवा. गव्हाण म्हणजे गोठ्यातली वैरण घालायची जागा. वैरणीत उंदीर, उंदरांमागे घुबड.

आता पुस्तकी नावं. गेल्या शतकात मराठीत पक्ष्यांवर लिहायला सुरुवात झाली तेव्हा शेकडो पक्ष्यांना नावं हवी होती आणि सगळ्यांना गावात नाव नव्हतं. तेव्हा काही संस्कृतातून घेतली, काही इंग्रजीवरून बेतली. त्यात चांगलीही निघाली. अग्निपंख हे रोहित पक्ष्याचं नाव सुंदर आहे, आणि त्याच्या ग्रीक नावाचा अर्थही लालभडक पंखांचा असाच आहे. पण पळीच्या आकाराची चोच असलेल्या पक्ष्याला लोक चमच्या म्हणत असताना ‘दर्वीमुख’ कशाला? दर्वी म्हणजे पळी हे सांगायला पुन्हा कोश उघडावा लागतो. लांब पांढऱ्या शेपटीच्या त्या देखण्या माशीमाराला ‘स्वर्गीय नर्तक’ म्हणतात. इंग्रजी नावातल्या स्वर्गाचं हे भाषांतर, पण मराठीत स्वर्गीय म्हटलं की माणूस आधी हळहळतो. गप्पीदास मला आवडतो, तरी तो बहुधा इंग्रजी ‘चॅट’चा अर्थ गप्पा असा घेऊन आला. इंग्रजीत ते नाव पक्ष्याच्या चक्-चक् आवाजावरून पडलं होतं.

गावच्या नावांचा दोषही सांगायला हवा. एक नाव चार पक्ष्यांना आणि एका पक्ष्याला चार नावं, हे तिथलं रोजचं. मैना म्हटलं तर कुणी साळुंकी दाखवील, कुणी पळस मैना. ज्वारीच्या दिवसांत थव्यानं उतरणारी ही पळस मैना शेतकऱ्याच्या तोंडी भोरडी असते, आणि गोफण हातात असलेल्या माणसाला तिच्या गुलाबी रंगाचं कौतुक नसतं. कोकणात धनेशाला गरुड म्हणणारे भेटतात. म्हणून नोंद करायची असेल, कुठे संख्या कळवायची असेल, तर शास्त्रीय नाव लिहावं. त्याला इलाज नाही.

मुलीला मात्र जे नाव ऐकून पक्षी दिसतो ते शिकवा. दर्वीमुखाऐवजी चमच्या, सारिकेऐवजी साळुंकी. आजोळी गेलात तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण मोबाईलवर फोटो दाखवून ‘याला काय म्हणता’ असं विचारू नका. पाहुण्याला नाराज करायला नको म्हणून माणसं काहीतरी नाव देऊन टाकतात. त्यापेक्षा आवाज काढून दाखवा, किंवा विचारा की ज्वारी निसवली की कोण येतं, विहिरीच्या कपारीत कोण राहतं, पेरणीआधी कोण ओरडतं. मग जी नावं येतात ती वापरातली असतात. नावासोबत गाव आणि तालुका लिहून ठेवा, कारण दहा कोसांवर तेच नाव दुसऱ्या पक्ष्याचं असू शकतं. मुलीनं स्वतः एखादं नाव ठेवलं तर तेही त्याच वहीत लिहा. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या त्या इवल्या पिवळ्या-हिरव्या पक्ष्याला आज सगळे चष्मेवाला म्हणतात, आणि ते नाव चष्मे आल्यानंतर कुणीतरी असंच ठेवलेलं आहे.